शार्लटची मागची खोली

आमच्या वाचनालयाच्या माडीवर दर शनिवारी दुपारी तीन ते साडेचार आम्ही दहा-बारा जणी जमतो. नाव मोठं, 'महिला वाचन मंडळ', पण खरं सांगायचं तर वाचून येणाऱ्या दोघी-तिघीच. बाकीच्या ऐकायला येतात. कुणी शेंगा सोलत ऐकते, कुणी साडीला फॉल लावता लावता. मी बी. ए.ला इंग्रजी घेतलं होतं, एवढ्या भांडवलावर गेल्या पावसाळ्यात एक कामगिरी माझ्या गळ्यात पडली. 'इंग्रजीतली एखादी जुनी, गाजलेली कादंबरी आम्हाला मराठीत सांगा. आणि नुसती गोष्ट नको हं, तुम्ही परीक्षेला लिहायचात ना, तसं त्यातलं काय ते पण सांगा.'

मी फार विचार न करता जेन ऑस्टेनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' निवडली. पाच उपवर मुली, त्यांच्या लग्नाचा ध्यास घेतलेली आई, पुस्तकात तोंड खुपसून बसणारे वडील आणि वारसाहक्काची भानगड. यातलं आमच्या मंडळाला न कळण्यासारखं काय आहे? शिवाय दूरदर्शनवर १९८५ साली याच कादंबरीवरून 'तृष्णा' नावाची हिंदी मालिका आली होती, ती आमच्यातल्या दोघींना अंधुक आठवत होती. आणि माझा स्वार्थ असा, की टी. वाय.ला ही कादंबरी मला होती. माळ्यावरच्या ट्रंकेत नोट्सची वहीसुद्धा सापडली. तिच्यात एक प्रश्न होता, 'शार्लट ल्युकसचे स्वभावचित्र रेखाटा.' माझं उत्तर 'शार्लट ही स्वार्थी व भित्री आहे' इथून सुरू होत होतं. सरांनी दहापैकी साडेसात दिले होते.

ही शार्लट कोण, ते आधी सांगायला हवं. गोष्टीची नायिका आहे एलिझाबेथ बेनेट. वय वीस, हजरजबाबी, बापाची लाडकी. बेनेटसाहेबांचं उत्पन्न वर्षाला २००० पौंड, म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी. पण त्यांच्या इस्टेटीचा वारसा फक्त पुरुषाकडे जायचा. पाचही मुलीच, त्यामुळे बापामागे घरदार, जमीन सगळं जाणार दूरच्या नात्यातल्या मिस्टर कॉलिन्सकडे. हे कॉलिन्स पाद्री आहेत. वय पंचवीस, बोलणं पाल्हाळिक, आश्रयदात्या बाईसाहेब लेडी कॅथरीन यांच्यापुढे सतत लोटांगण आणि स्वतःच्या मोठेपणाबद्दल तिळमात्र शंका नाही. एलिझाबेथची जिवाभावाची मैत्रीण म्हणजे शार्लट. सत्तावीस वर्षांची, दिसायला साधी, भावंडांत थोरली. वडिलांना राजाकडून 'सर' ही पदवी मिळाली, तेव्हा त्यांनी व्यापार सोडून दिला. म्हणजे मान आला, पण मुलांना द्यायला पैसा फारसा उरला नाही.

पहिल्या शनिवारी मी सुरुवात केली ती उपरोधापासून. या कादंबरीचं पहिलंच वाक्य जगभर गाजलेलं आहे. त्याचा थाट एखाद्या सनातन सत्याचा, आणि मजकूर काय, तर श्रीमंत अविवाहित तरुणाला बायको हवीच असणार! खरी गरज त्याला नाही, गावातल्या मुलींना आणि त्यांच्या आयांना आहे. लेखिका बोलते सरळ चेहऱ्यानं, अर्थ मात्र उलटा. मी 'उपरोध', 'व्याजस्तुती' असे शब्द फळ्यावर लिहीत होते, तोवर मेस चालवणाऱ्या आमच्या काकू म्हणाल्या, "अहो, मग सरळ टोमणा म्हणा की! लेकी बोले सुने लागे." मी फळा पुसला.

फरक एवढाच, की आपला टोमणा एका माणसाला लागतो. ऑस्टेनबाईंचा अख्ख्या समाजाला लागतो, आणि कधी कधी तो वाचणाऱ्यावरच उलटतो. माझ्यावर उलटला, तो तिसऱ्या-चौथ्या शनिवारी.

सहाव्या प्रकरणात शार्लट आणि एलिझाबेथ गप्पा मारत असतात. शार्लट म्हणते, की लग्नात सुख मिळणं हा सगळा नशिबाचा भाग. जोडीदाराचे दोष आधी जितके कमी कळतील तितकं बरं. एलिझाबेथ हसते. असं नुसतं बोलायचं असतं, तू स्वतः असं कधी वागणार नाहीस, असं मैत्रिणीला सांगून मोकळी होते. याला परीक्षेच्या भाषेत पूर्वसूचना म्हणतात. पुढं जे उगवणार, त्याचं बी लेखिका आधीच पेरून ठेवते. मीही वहीत तसं लिहिलं होतं. पण एक गोष्ट लिहिली नव्हती. ही सूचना वाचकाला मिळते तशी एलिझाबेथलाही मिळालेली असते, अगदी समोरासमोर. तिनं ती ऐकली आणि विनोदात काढली. आपल्या लाडक्या माणसाचं मत आपल्यासारखंच असणार, हे आपण किती सहज धरून चालतो!

पुढं कॉलिन्स बेनेटांकडे येतात, ते या घरातल्या मुलींपैकी एकीशी लग्न करून उपकार करण्याच्या हेतूनं. आधी नजर थोरल्या जेनवर. तिचं दुसरीकडे जमण्याची शक्यता आहे असं आईनं सुचवल्यावर एलिझाबेथवर. मागणी घालताना ते हिशेबही सांगतात: आईच्या पश्चात तुझ्या वाट्याला येणार चार टक्क्यांच्या रोख्यांतले १००० पौंड, पण त्याबद्दल मी तुला कधी बोलणार नाही! म्हणजे वर्षाला ४० पौंड व्याज. आम्ही पोट धरून हसलो. एलिझाबेथ नकार देते. मुली लाजून नाहीच म्हणतात, असं समजून कॉलिन्स तो नकारही होकारच धरून चालतात. पुन्हा हशा.

आणि मग तीन दिवसांच्या आत दुसरी मागणी, शार्लटला. ती वरच्या खिडकीतून कॉलिन्सना आपल्या घराकडे येताना पाहते आणि लगेच खाली उतरून बोळात त्यांना 'सहज' भेटते. ती हो म्हणते.

मैत्रिणींनो, इथं लेखिकेनं जे केलंय ते मला या वयात कळलं. घटना एकच, शार्लटचं लग्न ठरलं. पण ती या घरातून त्या घरात फिरते, आणि प्रत्येकाच्या तोंडून ज्याचं त्याचं मन बाहेर पडतं. शार्लटची आई मनातल्या मनात हिशेब सुरू करते, की बेनेटसाहेब आणखी किती वर्षं जगतील, म्हणजे लेक त्या घराची मालकीण कधी होईल. धाकट्या बहिणींना आनंद, कारण थोरलीचं उरकलं की समारंभांना मिरवण्याची त्यांची पाळी लवकर येणार. भाऊ सुटकेचा श्वास सोडतात, कारण आता ती कुमारिका म्हणून जन्मभर गळ्यात राहणार नाही. बेनेटबाईंचा आधी विश्वासच बसत नाही. मग त्या म्हणतात कॉलिन्सना फसवलं, मग म्हणतात हे दोघं सुखी होणार नाहीत, मग म्हणतात लग्न मोडेलही. बेनेटसाहेब खूश! शहाणी समजत होतो ती शार्लट आपल्या बायकोइतकीच मूर्ख निघाली, याचं त्यांना समाधान. फक्त जेन थोडा वेळ विचार करून सांगते, की माणसांच्या परिस्थितीत आणि स्वभावात फरक असतो, तो धरायला हवा.

यातल्या एकालाही शार्लटला काय वाटतं, हे विचारावंसं वाटत नाही. प्रतिक्रिया तिच्याबद्दलच्या, पण त्यांतून ओळख होते ती बोलणाऱ्यांची. आमच्या बँकेतल्या मैत्रिणीनं हे ऐकून मान डोलावली. म्हणाली, "अगं, माझ्या घटस्फोटाच्या वेळी असंच झालं होतं. प्रत्येकानं आपापलं दुःख सांगितलं." क्षणभर कुणी काही बोललं नाही. शेंगा सोलणारे हातही थांबले.

राहता राहिली एलिझाबेथ. शार्लट स्वतः येऊन तिला एकांतात ही बातमी सांगते, आणि एलिझाबेथच्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो 'अशक्य!' अशा अर्थाचा. शार्लटचा शांत चेहरा क्षणभर गोंधळतो. मग ती सावरते आणि विचारते, की तुझ्याकडे त्यांची डाळ शिजली नाही म्हणून दुसऱ्या कुठल्याही बाईला ते बरे वाटूच नयेत का? मी स्वप्नाळू नाही, मला फक्त एक सुखाचं घर हवंय, असंही ती सांगते.

हा प्रसंग सांगताना माझा आवाज अडकला. का, ते सांगते.

१९९९ साली, आमची टी. वाय.ची परीक्षा संपली त्याच मे महिन्यात, माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीचं लग्न ठरलं. वर्गात ती माझ्यापेक्षा हुशार. आम्ही दोघी एम. ए.ला पुण्याला जायची स्वप्नं बघत होतो. तिच्या वडिलांचं दुकान त्या वर्षी बंद पडलं होतं, मागे दोन बहिणी होत्या. मुलगा दहा वर्षांनी मोठा, सरकारी कचेरीत कारकून, बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. ती घरी पत्रिका घेऊन आली, तेव्हा मी म्हणाले, "शक्यच नाही! तू? तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." तिनं पत्रिकेवरचं हळदीकुंकू बोटानं नीट केलं आणि म्हणाली, "चहा नको गं, अजून चार घरं करायचीत." लग्नाला मी गेले, अक्षता टाकल्या आणि न जेवता परत आले. मग मैत्री पत्रांपुरती, पत्रं संक्रांतीच्या तिळगुळापुरती, आणि पुढं मोबाइलवरच्या दिवाळीच्या शुभेच्छांपुरती उरली. शार्लटला भित्री ठरवणारं ते साडेसात मार्कांचं उत्तर मी त्याच वर्षी लिहिलं होतं.

ऑस्टेनबाईंचं एक तंत्र मी नीट वाचलं असतं, तर कदाचित तसं लिहिलं नसतं. पात्राच्या मनातला विचार त्या 'तिला असं वाटलं' असं न म्हणता सरळ आपल्याच वाक्यात मिसळून देतात. समजायला अवघड वाटतं, पण आपण रोज असंच बोलतो. समजा मी लिहिलं, 'सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. सून अजून आली नव्हती. एवढा काय उशीर! भाजी आणायला काय मुंबईला गेली?' शेवटची दोन वाक्यं कुणाची? लिहिलीत मी, पण बोलतायत सासूबाई. बाविसाव्या प्रकरणात शार्लट होकार देऊन एकटी बसते, तेव्हा लेखिका असंच करते. कॉलिन्स समंजस नाहीत, त्यांचा सहवास कंटाळवाणा आहे, त्यांचं प्रेमही नुसतं समजुतीचंच, हे सगळं शार्लटला ठाऊक आहे. आणि हेही, की शिकलेल्या पण पैसा नसलेल्या मुलीला अब्रूनं पोट भरण्याचा दुसरा मार्ग नाही. हा विचार शार्लटचा, की लेखिकेचा? चेष्टा आहे, की रोखठोक सत्य? ऑस्टेनबाई शेवटपर्यंत सांगत नाहीत. मी कॉलेजात त्याला चेष्टा समजले. आमच्या मंडळात कुणीच हसलं नाही.

लेखिकेचं आयुष्य बघितलं तर हे न सांगणं आणखी समजतं. १८०२च्या डिसेंबरात, सत्ताविसावा वाढदिवस दोन आठवड्यांवर असताना, तिला हॅरिस बिग-विदर नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणानं मागणी घातली. मोठ्या इस्टेटीचा वारस! तिनं संध्याकाळी होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत घेतला. त्या एका रात्रीत तिच्या मनात काय चाललं असेल, कोण जाणे. संध्याकाळी ती शार्लट होती आणि सकाळी एलिझाबेथ झाली, असं मला वाटतं. पुढं तिनं लग्न केलंच नाही. १८०५ साली वडील गेल्यावर आई आणि दोघी बहिणींना भावांच्या मदतीवर राहावं लागलं. १८१३च्या जानेवारीत ही कादंबरी छापली गेली ती लेखिकेच्या नावाशिवाय, आणि तिचे हक्क तिनं ११० पौंडांना विकून टाकले होते. भाचीला लिहिलेल्या पत्रांत १८१४ साली ती प्रेमाशिवाय लग्न करू नकोस म्हणून बजावते, आणि १८१७ साली त्याच भाचीला लिहिते, की एकट्या बायकांच्या नशिबी गरिबी फार लवकर येते. दोन्ही मतं एकाच हातची. मग पुस्तकात तिनं एकीला शहाणी आणि दुसरीला मूर्ख का ठरवावं?

उलट ती एलिझाबेथलाच हळूच चिमटा काढते. ज्या एलिझाबेथला शार्लटचा व्यवहार म्हणजे स्वार्थ वाटला, तिचा आवडता देखणा अधिकारी विकहॅम, १०००० पौंडांची वारस झालेल्या मिस किंगच्या मागे लागतो. तेव्हा मात्र एलिझाबेथ मामीला समजावते, की देखण्या पुरुषांनाही पोट असतंच की! मैत्रिणीला एक माप, आवडत्या पुरुषाला दुसरं. लेखिका यावर अवाक्षर काढत नाही. दोन प्रसंग शेजारी ठेवते आणि बाजूला होते. आमच्या काकू लगेच म्हणाल्या, "हे आमच्याकडं पण असंच. जावयानं पैसा बघितला तर हुशार, सुनेनं बघितला तर लोभी."

लग्नानंतर एलिझाबेथ शार्लटच्या घरी राहायला जाते, तो भाग तर मला आता सगळ्यात आवडतो. तिला वाटत असतं, मैत्रीण पस्तावलेली दिसेल. दिसतं काय, तर नीटनेटकं घर, कोंबड्या, बाग. नवरा काही लाजिरवाणं बोलला, की शार्लट किंचित लाल होते. बहुतेक वेळा तिला ऐकूच येत नाही! बागकाम प्रकृतीला किती चांगलं, असं सांगून ती त्याला बाहेर पाठवते. आणि स्वतःच्या बसण्यासाठी तिनं निवडलीय मागच्या बाजूची, कमी प्रशस्त खोली. एलिझाबेथला आधी नवल वाटतं, पुढची छान खोली सोडून इथं का? मग उमगतं. नवऱ्याची खोली रस्त्याच्या बाजूला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघण्यात तो रमतो. बायकांची खोलीही तशीच मोक्याची असती, तर तो तिथंच येऊन बसला असता!

यावर दोघी मैत्रिणी एकमेकींशी एक शब्दही बोलत नाहीत. एलिझाबेथ फक्त बघते आणि समजते. एका खोलीच्या निवडीतून लेखिकेनं अख्खा संसार दाखवला. काकूंनी गुडघ्यावर हात मारला. "शहाणी गं बाई! भांडली नाही, रडली नाही. खोली तेवढी मागची घेतली."

पण आमच्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी चष्मा पुसत विचारलं, "शहाणी खरी, पण सुखी का?" आणि त्या दिवशी साडेचारचे साडेपाच झाले. मी आठवड्यातून दोन दिवस महिला समुपदेशन केंद्रात बसते, त्यामुळे एक गोष्ट मी तिथंच स्पष्ट केली. कॉलिन्स कंटाळवाणा आहे, क्रूर नाही. मारझोड सोसत राहणाऱ्या बाईला 'शार्लटसारखी मागची खोली घे' असं सांगणं हा गुन्हाच ठरेल. तिला दार दाखवायला हवं, बाहेरचं. पण हेही कबूल करते, की केंद्रात एखादी बाई 'मी परत जाते' म्हणाली, की माझ्या चेहऱ्यावर एलिझाबेथचा तो 'अशक्य!' उमटायचा. ती बघायची आणि पुढचं बोलणं गिळायची. हल्ली मी आधी विचारते, "तुझा हिशेब काय आहे, मला सांगशील?" पुष्कळदा हिशेब पक्का असतो. कधी चुकलेला असतो, पण मग तो तिला स्वतःलाच मांडता मांडता दिसतो.

शिक्षिकाबाईंच्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात नाही. निघताना एलिझाबेथला मैत्रिणीची कीव येते, पण शार्लटनं डोळे उघडे ठेवून निवड केली होती आणि ती कीव मागत नव्हती, एवढंच लेखिका नोंदवते. घर, कोंबड्या यांची गोडी तिला अजून आहे, असंही सांगते. त्यातल्या 'अजून' या शब्दावर मी त्या रात्री बराच वेळ थांबले होते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी मैत्रिणीला फोन केला. दिवाळी नाही, संक्रांत नाही, त्यामुळे ती घाबरलीच. "सगळं ठीक आहे ना गं?" मी म्हटलं, "तुझ्या लग्नात मी जेवले नव्हते." पलीकडे जरा वेळ काही ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली, "माहितीय मला. तुझं पान आईनं वाढून ठेवलं होतं." तिचा मुलगा इंजिनिअर झाला, दोन्ही बहिणींची लग्नं तिनं उभी राहून केली, ती स्वतः गेली बारा वर्षं बालवाडी चालवते, हे सगळं मला त्या फोनवर कळलं. "आणि ते?" मी विचारलं. "बोलतात अजून," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी कॉलेजात हसायचो तशा हसलो. ती सुखी आहे का, हे मी विचारलं नाही. सांगावंसं वाटलं तर सांगेल.

मग मी तिला आमच्या शनिवारबद्दल, शार्लटबद्दल सांगायला लागले. तिनं मधेच थांबवलं. "थांब, कुकर बंद करून येते. मला ते पुस्तक आता धड आठवत नाही. पहिल्यापासून सांग."